पुढचं पाऊल : मेंदूच्या डॉक्टरची लांब वाट



‘पुढचं पाऊल’च्या टपालात या खेपेला सावर्ड्याहून एक पत्र आलं आहे. सावर्डे म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं, चिपळूण तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं. पत्र पाठवणारी मैत्रीण नववीत शिकते. मागच्या पावसाळ्यात तिच्या आजोबांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी चहा पिताना कप हातातून निसटला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, उजवा हात उचलेना आणि बोलायला गेले तर शब्द फुटेना. घरच्यांनी आधी हातपाय चोळले, मग एक-दोघांना विचारलं, मग गाडी शोधली. योग्य ठिकाणी पोचेपर्यंत दुपार टळली होती. आजोबा वाचले, काठी घेऊन चालतातही. पण नातीला नावानं हाक मारायला जातात आणि नाव ओठांवर येत नाही.

या मैत्रिणीनं चार प्रश्न विचारले आहेत. मेंदूचा डॉक्टर व्हायचं तर काय शिकावं लागतं? त्यासाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा? आमच्या शेजारच्या डेरवणच्या कॉलेजात शिकून तिथवर पोचता येईल का? आणि किती वर्षं लागतील?

प्रश्न नेमके आहेत. तेव्हा उत्तरंही नेमकी देऊ या.

हा डॉक्टर करतो तरी काय?

मेंदू, मेरुरज्जू आणि त्यांच्यातून अंगभर पसरलेल्या चेता यांच्या आजारांवर औषधोपचार करणारा डॉक्टर म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. मराठीत मेंदूविकारतज्ज्ञ म्हणा. डोक्याची शस्त्रक्रिया करतो तो न्यूरोसर्जन, त्याची वाट वेगळी. मनाच्या आजारांवर उपचार करतो तो मानसोपचारतज्ज्ञ, त्याचीही वेगळी. अर्धांगवायू, फेफरं म्हणजे फिट, कंपवात, अर्धशिशी, स्मृतिभ्रंश ही न्यूरॉलॉजिस्टची रोजची मंडळी.

त्याचं काम थोडंफार गुप्तहेरासारखं असतं. समोर रुग्ण आला की तो मनाशी दोन प्रश्न विचारतो. पहिला, बिघाड कुठे आहे? दुसरा, बिघाड कसला आहे? आता आजोबांचंच बघा. उजवा हात गेला आणि त्याच वेळी बोलणंही गेलं. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, हे तुम्ही विज्ञानात शिकता किंवा शिकाल. बहुतेक माणसांच्या बोलण्याचं केंद्रही डाव्या बाजूलाच असतं. म्हणजे बिघाड मेंदूच्या डाव्या भागात असणार. अजून एकही यंत्र लावलेलं नाही, तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं! ‘कसला?’ याचं उत्तर मात्र वेळ सांगते. क्षणात झालं ना? मग रक्तवाहिनीचा घोटाळा. एक तर गुठळी अडकली किंवा रक्तस्राव झाला. या दोहोंतलं कोणतं, ते सीटी स्कॅन केल्यावर कळतं.

या डॉक्टरची हत्यारंही साधी असतात. रबरी हातोडी, नादकाटा, बॅटरी, थोडा कापूस, एक टाचणी. पण सगळ्यांत मोठं हत्यार म्हणजे कान. रुग्ण काय सांगतो आणि घरचे काय सांगतात ते नीट ऐकायचं.

याचं एक खरं उदाहरण सांगतो. डॉ. नोशिर वाडिया यांनी इंग्लंडमध्ये हे शास्त्र शिकून १९५७ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात मेंदूविकाराचा विभाग सुरू केला. १९७१ साली डोळे येण्याची मोठी साथ आली होती. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल. त्याच सुमारास काही रुग्ण पाय लुळे पडले म्हणून येऊ लागले. बघायला पोलिओसारखं, पण रुग्ण मोठी माणसं! डोळ्यांचा आणि पायांचा काय संबंध? वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो संबंध जोडला. या रुग्णांचे थोड्याच दिवसांपूर्वी डोळे आले होते, आणि डोळ्यांच्या साथीचा विषाणूच मेरुरज्जूतल्या चेतापेशींना इजा करत होता. १९७२ साली त्यांनी हे ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पाय लुळा पडलेल्या माणसाला ‘मध्यंतरी डोळे आले होते का?’ असं विचारायचं सुचणं, ही या विद्येची खरी गंमत आहे. वाडियांना २०१२ साली पद्मभूषण मिळालं.

तीन फाटकं आणि साडेअकरा वर्षं

आता वाट बघू. वाटेत तीन मोठी फाटकं आहेत आणि प्रत्येक फाटकावर एक परीक्षा उभी आहे.

पहिलं फाटक बारावीनंतरचं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवं. मग देशभर एकाच दिवशी होणारी ‘नीट’ परीक्षा. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलं तर १ गुण जातो, म्हणून अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही! ही परीक्षा मराठीतूनही देता येते. पुढचं शिक्षण इंग्रजीतून असलं तरी घाबरू नका. पुस्तक इंग्रजीत बोलतं, पण रुग्ण मराठीतच बोलतो.

‘नीट’मधून एमबीबीएसला प्रवेश मिळतो. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम, म्हणजे इंटर्नशिप. एकूण साडेपाच वर्षं. सावर्ड्याजवळ डेरवणला, जिथली शिवसृष्टी तुम्ही सहलीत पाहिली असेल, तिथे वालावलकर रुग्णालयाला जोडून २०१५ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. रत्नागिरीत २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही निघालं. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे घ्या : हो, एमबीबीएस घराजवळ करता येईल आणि तिथून पुढे जाता येईल. पुढच्या परीक्षेत तुमच्या कॉलेजचं नाव विचारत नाहीत. डेरवणचा विद्यार्थी आणि मुंबईचा विद्यार्थी तोच पेपर सोडवतात आणि एकाच यादीत येतात.

दुसरं फाटक ‘नीट-पीजी’. एमबीबीएसला शिकलेल्या सगळ्या विषयांचे मिळून २०० प्रश्न आणि साडेतीन तास. यातून एमडीला प्रवेश मिळतो. इथे एक महत्त्वाचं वळण आहे, ते लक्षात ठेवा. मेंदूविकाराकडे जायचं असेल तर एमडी बहुधा जनरल मेडिसिनमध्ये करतात, नाहीतर बालरोगशास्त्रात. दुसराच विषय घेतला तर पुढे या वाटेला परत येता येत नाही. मेडिसिनला मागणी भरपूर, जागा त्या मानानं थोड्या. त्यामुळे इथे गुणवत्ता यादीत वरचा क्रमांक लागतो.

एमडीची तीन वर्षं म्हणजे निवासी डॉक्टरचं आयुष्य. नावातच आहे ना, निवासी! रुग्णालय हेच घर. रात्रपाळ्या, तातडीचे रुग्ण, अभ्यास आणि शिवाय एक प्रबंध. या तीन वर्षांतले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं असा नियम आहे. शहरात शिकणारे डॉक्टर त्या निमित्तानं जिल्ह्याच्या ठिकाणचं दुखणं पाहतात.

तिसरं फाटक ‘नीट-एसएस’. इथवर पोचलेले सगळेच हुशार, त्यामुळे चढण खडी. प्रश्न १५०, तेही एमडीच्या पातळीचे. यातून मिळतो डीएम न्यूरॉलॉजी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. मुंबईत केईएम, जे.जे., नायर आणि सायन या रुग्णालयांना जोडलेल्या महाविद्यालयांत तो आहे, इतरत्रही आहे.

आता बेरीज करा. साडेपाच, अधिक तीन, अधिक तीन. साडेअकरा वर्षं! त्यात परीक्षांच्या तयारीत जाणारा वेळ धरला, तर न्यूरॉलॉजिस्ट व्हायला तिशी उजाडते. काय, दचकलात? पण यातली शेवटची सहा वर्षं नुसतं शिकण्याची नसतात. निवासी डॉक्टर रोज रुग्ण तपासतो, बरे करतो आणि त्याला दरमहा विद्यावेतनही मिळतं.

एक आडवाटही आहे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीएम न्यूरॉलॉजी करता येतो. त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी आणि जागा अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पण एमबीबीएस करतानाच ज्याचं मन मेंदूवर जडलं, त्यानं ही वाट माहीत करून घ्यावी.

अर्ज म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडचा अर्ज हा खरं तर दोन टप्प्यांचा असतो. आधी परीक्षेचा अर्ज. मग निकाल लागला, क्रमांक समजला की पसंतीक्रमाचा अर्ज. म्हणजे कोणत्या कॉलेजातला कोणता विषय मला आधी हवा, कोणता त्यानंतर, अशी लांबलचक यादी संगणकावर भरायची. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याची यादी उघडतो आणि त्याला त्याच्या पसंतीची जागा देतो. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. राखीव जागांचे नियम असतात ते पाळले जातात, पण मूळ तत्त्व रेशनच्या रांगेसारखं. पुढे उभा असेल त्याला आधी.

इथे पुष्कळ मुलं एक घोटाळा करतात. ‘हे आपल्याला मिळणारच नाही’ असं म्हणून आवडीचं कॉलेज यादीत खाली टाकतात. असं करू नये. वरची जागा मिळाली नाही म्हणून खालची हातची जात नाही. तेव्हा यादी मनातल्या खऱ्या आवडीनंच लावावी, आणि जिथे जायचंच नाही ते नाव मुळीच घालू नये.

या रांगेचा मोठा गुण हा, की ओळख, वशिला, बोलण्यातला सफाईदारपणा यांचा तिथे उपयोग नसतो. खेड्यातल्या मुलीला हे मोलाचं आहे. उणेपण असं, की क्रमांकाला फक्त गुण दिसतात. रुग्णाशी तुम्ही कसे बोलता, रात्री तीन वाजता चिडता का, हे काही त्याला दिसत नाही. दिल्लीच्या एम्ससारख्या काही राष्ट्रीय संस्था डीएमला प्रवेश देताना लेखी परीक्षेनंतर विभागात बोलावून प्रत्यक्ष चाचणीही घेतात.

साता समुद्रापार जोड्या लावण्याचा खेळ

आपल्याकडचे काही विद्यार्थी एमबीबीएसनंतर अमेरिकेत जातात. तिथे रांग नाही, तिथे जोड्या लावतात! न्यूरॉलॉजीचं शिक्षण तिथे चार वर्षांचं. त्यातलं एक वर्ष मेडिसिनचं आणि तीन मेंदूविकाराचं. आधी त्यांच्या परीक्षा द्यायच्या. मग रुग्णालयांकडे अर्ज पाठवायचे. अर्जासोबत आपण हा विषय का निवडला ते सांगणारं निवेदन आणि शिक्षकांची शिफारसपत्रं. मग मुलाखती. त्यानंतर विद्यार्थी रुग्णालयांची पसंतीयादी देतो आणि रुग्णालयही विद्यार्थ्यांची पसंतीयादी देतं. संगणक दोन्ही याद्या जुळवतो. १९५२ सालापासून ही पद्धत चालू आहे. निकालाचा दिवस मार्च महिन्यातला तिसरा शुक्रवार. देशभरातल्या विद्यार्थ्यांना त्याच दिवशी आपलं रुग्णालय कळतं!

जोड्या कशा लागतात? कागद-पेन्सिल घ्या. समजा रुग्णालयं दोन, शिकागो आणि बोस्टन. प्रत्येकी एकच जागा. विद्यार्थी तीन, गणू, मनू आणि तनू.

गणूची यादी : शिकागो, बोस्टन.
मनूची यादी : शिकागो, बोस्टन.
तनूची यादी : बोस्टन, शिकागो.
शिकागोची यादी : मनू, तनू, गणू.
बोस्टनची यादी : गणू, तनू, मनू.

गणू शिकागोला विचारतो. जागा रिकामी आहे, तेव्हा शिकागो म्हणतं, ‘सध्या ये, पण पक्कं नाही हं!’ मग मनू शिकागोला विचारते. शिकागोच्या यादीत मनू गणूच्या वर आहे, म्हणून मनू आत आणि गणू बाहेर. गणू हिरमुसत नाही, यादीतल्या पुढच्या बोस्टनला विचारतो. तिथे जागा आहे. आता तनू बोस्टनला विचारते. पण बोस्टनला गणू जास्त पसंत आहे, म्हणून नकार. तनू शिकागोला विचारते. तिथे मनू वरचढ, पुन्हा नकार. आता विचारायला कोणी उरलं नाही. सगळे ‘सध्या’ आता ‘पक्के’ झाले. मनू शिकागोला, गणू बोस्टनला. तनूला या वर्षी जागा नाही.

गंमत अशी, की यात कोणालाच कुरकुर करायला जागा नाही. गणूला शिकागो जास्त आवडतं, पण शिकागोला मनू हवी आहे. एकमेकांना अधिक पसंत असूनही ताटातूट झाली, अशी एकही जोडी सापडणार नाही. तपासून पाहा! या जोड्यांमागचं गणित मांडणारे लॉइड शॅप्ली आणि ते प्रत्यक्षात उतरवणारे आल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण तनूकडेही बघा. पद्धत कितीही न्याय्य असली तरी जागा दोन आणि उमेदवार तीन असले की कोणीतरी बाहेर राहणारच. आपल्याकडच्या रांगेतही तेच होतं. बाहेर राहणं म्हणजे नालायक असणं नव्हे. जागा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

साडेचार तास आणि अडीचशे किलोमीटर

आता पत्रात न विचारलेला, पण पत्रभर दडलेला पाचवा प्रश्न. इतकं शिकून झालेला डॉक्टर सावर्ड्याच्या आजोबांच्या उपयोगी कधी पडणार?

रक्ताची गुठळी अडकून आलेल्या अर्धांगवायूवर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. त्याचा उपयोग होतो हे १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं. तेव्हा ते तीन तासांच्या आत द्यावं लागे. २००८ साली युरोपातल्या अभ्यासानंतर ही मुदत साडेचार तासांवर गेली. घड्याळ सुरू होतं ते लक्षणं दिसल्या क्षणापासून. त्यात रुग्णालय गाठायचं, सीटी स्कॅन करायचा आणि रक्तस्राव नाही याची खात्री करून मगच इंजेक्शन द्यायचं, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक. काही रुग्णांत याहून उशिरा नळी घालून गुठळी काढता येते, पण ती सोय मोठ्या शहरांत. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मेंदूतल्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. आणि मुंबई सावर्ड्याहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास! पावसात हा रस्ता किती वेळ घेतो ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

म्हणजे साडेअकरा वर्षं शिकायचं ते साडेचार तासांत निर्णय घेता यावा म्हणून. आणि तो निर्णय घेणारा माणूस जवळ असेल तरच त्या विद्येचा उपयोग.

कोकणात राहून मोठं काम होतं का? सावर्ड्याहून मुंबईकडे जाताना महाड लागतं. तिथले डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले, गरिबीत शिकलेले. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावून लहान मुलं मरताना त्यांनी पाहिली. लाल विंचवाचं विष चेतासंस्थेला असं काही चेतवतं, की हृदयावर भलताच ताण येतो. ते एकेका रुग्णापाशी रात्र रात्र बसले, नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध या विषबाधेवर चालतं हे दाखवून दिलं. १९८६ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आधी गंभीर विंचूदंश झालेल्या शंभरातले चाळीसेक दगावत, तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. विशेष म्हणजे बावस्करांनी मधल्या काळात एमडी केलं. शहरात दवाखाना थाटता आला असता, पण ते महाडला परत आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रत्येक गावाला न्यूरॉलॉजिस्ट मिळणं अवघडच. पण हिमाचल प्रदेशात एक चांगला मार्ग काढला आहे. तिथेही डोंगर आणि घाट. जिथे सीटी स्कॅन आहे अशा जिल्ह्याच्या रुग्णालयांतले मेडिसिनचे डॉक्टर स्कॅनचं चित्र फोनवरून दूरच्या मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवतात, सल्ला घेतात आणि इंजेक्शन तिथल्या तिथे देतात. म्हणजे दुसऱ्या फाटकापर्यंत पोचलेला डॉक्टरही आजोबांचं बोलणं वाचवू शकतो. तिसरं फाटक उघडलं नाही तर सगळं फुकट, असं समजण्याचं कारण नाही.

पहिल्या फाटकाला जीवशास्त्र विचारतात, दुसऱ्याला औषधं, तिसऱ्याला दुर्मीळ आजार. ‘तू परत कुठे जाणार?’ हे एकाही फाटकावर विचारत नाहीत. तो प्रश्न आपला आपणच विचारायचा असतो.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणते याचा आनंद होतो, आणि पोटात गोळाही येतो. सरकारी आणि खासगी महाविद्यालयांच्या शुल्कात मोठी तफावत असते. तेव्हा शिष्यवृत्त्या आणि शासनाच्या शुल्कसवलतीच्या योजना यांची चौकशी दहावीपासूनच करून ठेवा. सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्यांना नंतर काही काळ बंधपत्रित सेवा द्यावी लागते, तिला शिक्षा समजू नका, शिक्षणच समजा. परीक्षांचे नियम बदलत असतात. २०१९ च्या कायद्यात एमबीबीएसच्या शेवटी ‘नेक्स्ट’ नावाची एकच परीक्षा घेण्याची तरतूद आहे. म्हणून ऐकीव माहितीवर न जाता प्रत्येक वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

आणि महत्त्वाचं : आज नववीतल्या मुलीनं न्यूरॉलॉजी म्हटलं म्हणून तिला त्या शब्दाला बांधून टाकू नका. शिकता शिकता तिला लहान मुलांचा डॉक्टर व्हावंसं वाटेल, किंवा अर्धांगवायूच्या रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवणारी वाचोपचारतज्ज्ञ व्हावंसं वाटेल. त्यातलं कुठलंच कमी नाही.

आजपासून करता येईल असं

१. उंच स्टुलावर मित्राला पाय लोंबते ठेवून बसवा. गुडघ्याच्या वाटीखालच्या मऊ जागी तळहाताच्या कडेनं हलकेच टकटक करा. पाय आपोआप उडेल. हा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही, मेरुरज्जूतूनच परत फिरतो. उडाला नाही तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि पुन्हा पाहा.

२. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाचंही एखादं जुनं दुखणं त्यांच्या तोंडून ऐका. कधी सुरू झालं, कसं वाढलं, कशानं कमी झालं, सगळं वहीत उतरवा. मधे मधे बोलायचं नाही. पाच मिनिटं नुसतं ऐकणं किती अवघड असतं ते कळेल. वैद्यकीय विद्यार्थी नेमकं हेच शिकतात.

३. चार गोष्टी पाठ करा. चेहरा : हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का? हात : दोन्ही वर करायला सांगा, एक खाली पडतो का? बोलणं : एक साधं वाक्य म्हणायला सांगा, अडखळतं का? वेळ : यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ पाहून वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. चोळणं, तेल, काढा काही नको. तोंडानं काही द्यायचंही नाही.

४. कोणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आसपासच्या टोकदार वस्तू दूर करा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका आणि तोंडात चमचा घालू नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८.

यातलं तिसरं आणि चौथं वर्गाच्या फळ्यावर लिहा आणि घरीही सर्वांना सांगा. डॉक्टर व्हायला साडेअकरा वर्षं लागतात, हे शिकायला दहा मिनिटं पुरतात.

पुढच्या आठवड्यात : कोकण रेल्वेत स्टेशनमास्तर व्हायचं तर? तुमचे प्रश्न पोस्टकार्डावर, सुवाच्य अक्षरात, इयत्ता आणि गाव लिहून पाठवा.